कढीपत्त्यावर फवारणी नकोच

कढीपत्त्याची पानं खाणाऱ्या अळ्या माराव्यात म्हणून कीटकनाशक फवारायचा सल्ला काही जण देतात. कळकळीची विनंती, ती करू नका. लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी आणि पुढे हिरवीगार होणारी ही अळी बहुधा लाइम किंवा मॉर्मन फुलपाखराची असते. झाड पुन्हा पालवतं. शिवाय शिंपी पक्षी, चिमण्या पिलांना अळ्याच भरवतात!

फाल्गुन-चैत्रात मोठी छाटणीही टाळा. पुण्यात याच दिवसांत सूर्यपक्ष्याची मादी लोंबतं घरटं विणते, अगदी गॅलरीतल्या वायरवरसुद्धा. त्यासाठी तिला कोळ्याच्या जाळ्यांचे धागे लागतात, म्हणून कोपऱ्यातली थोडी जळमटं राहू द्या.

पक्ष्यांसाठी ठेवाल ते पाण्याचं भांडं उथळ हवं. मधमाश्यांना बसायला त्यात खडे टाका आणि पाणी रोज बदला, नाहीतर डास होतात.