मदत हवी आहे: ६० एचपी फ्युएल इंजेक्शन आउटबोर्ड न्यूट्रलला थरथरतं, गिअर टाकला की बंद पडतं (देवबाग, मालवण)

नमस्कार मंडळी,

देवबागला आमची २२ फुटी फायबरची होडी आहे. डॉल्फिन दाखवायला, संगमावर न्यायला पर्यटकांसाठी चालवतो. इंजिन ६० हॉर्सपॉवरचं, चार सिलिंडर, फोर-स्ट्रोक, फ्युएल इंजेक्शनवालं आउटबोर्ड (होडीच्या मागे बाहेरून लावतात ते). सात वर्षं जुनं, साधारण १,४०० तास झालेत. आजवर तेल, फिल्टर, इम्पेलर (थंड करायला पाणी खेचणारा पंखा) सोडून कशालाच हात लावावा लागला नव्हता.

मेच्या शेवटी होडी वर काढली आणि झापांनी शाकारून ठेवली. सप्टेंबरला पाण्यात उतरवली तेव्हापासून हा त्रास आहे.

थंड असताना चावी मारली की एका सेल्फमध्ये सुरू होतं. पहिली तीन-चार मिनिटं १,००० आरपीएमच्या आसपास बऱ्यापैकी चालतं. गरम होऊन आयडलला (रेस न देता सर्वात कमी वेगाला) आलं की काटा ५५० ते ९०० मध्ये वरखाली नाचतो. पुस्तकात आयडल ७५० दिलंय. मागच्या बाकावर ठेवलेली पाण्याची बाटली थरथरत कडेला सरकते आणि खाली पडते. कव्हर काढून कान दिला तर ठोक्यांचा एक ठेका लागतो, तीन भरीव आणि चौथा पोकळ, फुस् करून. गिअर टाकला की दहात तीन वेळा बंदच पडतं. १,५०० च्या वर मात्र थरथर जाते. फुल रेसला आधी ५,७०० पर्यंत जायचं, आता ५,४०० ला थांबतं. ते मी होडीच्या तळाला धरलेल्या कालवांवर ढकललं होतं.

हे किरकोळ वाटेल, पण आमच्याकडे नाही. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे वाळूचा दांडा आहे आणि ओहोटीला त्यावर लाट फुटते. तिथून बाहेर पडताना गिअर काढून थांबावं लागतं, लाट जाऊ द्यायची आणि मग निघायचं. मागच्या रविवारी आठ माणसं होडीत असताना नेमकं तिथेच बंद पडलं. ओढ फुटत्या लाटांकडे होती. बाबांनी नांगर टाकला, मी दुसऱ्या सेल्फला सुरू केलं, निभावलं. एक लहान मुलगी आईला घट्ट धरून बसली होती, तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोरून जात नाही. तेव्हापासून संगमाबाहेरच्या फेऱ्या बंद केल्या आहेत, फक्त खाडीत फिरवतो.

आतापर्यंत काय केलं ते सांगतो. पाणी वेगळं करणारा फिल्टर बदलला. जुन्याच्या वाटीत दोन-तीन चमचे पाणी निघालं. टाकी पूर्ण रिकामी करून पुसली, पंपावरून ताजं पेट्रोल आणलं. चारही प्लग नवे टाकले. हातपंपाचा बल्ब आणि पाइप तपासले, हवा ओढत नाहीत. या सगळ्याने थोडा फरक पडला, पण आयडल तसंच. फॉल्ट कोड काही दाखवत नाही. एका मेकॅनिकने ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) बदलायला सांगितलं आहे. तेवढे पैसे घालायचे तर दिवाळीच्या हंगामाची कमाई त्यातच जाईल. घालायचेच असतील तर घालीन, पण दोष तिथेच आहे याची खात्री कशी करायची? कुठली तपासणी कुठल्या क्रमाने करू?

प्रतिसाद, रत्नागिरीहून

ईसीयूला हात लावू नकोस. तुझ्या लिहिण्यात सर्वात कामाची गोष्ट म्हणजे चौथा पोकळ ठोका. आयडलची हवा सांभाळणारा व्हॉल्व्ह बिघडला, पेट्रोलचा दाब कमी झाला किंवा सगळ्याच पेट्रोलमध्ये पाणी असलं, तर चारही सिलिंडर आजारी पडतात आणि ठोका वेडावाकडा येतो. ठरलेल्या जागी एकच ठोका रिकामा येत असेल तर एकच सिलिंडर काम करत नाही. आधी तो कुठला ते शोध.

होडी पाण्यात बांधून, गिअर न्यूट्रलला ठेवून कर. बादलीवर किंवा पाइप लावून आयडल पारखू नये, एक्झॉस्टवर पाण्याचा दाब नसतो आणि आकडे फसवतात. इंजिन गरम झालं की एकेका इंजेक्टरचा (सिलिंडरला पेट्रोल फवारणारी तोटी) कनेक्टर काढ, आरपीएम किती पडला ते लिही आणि परत लाव. चांगला सिलिंडर बंद केला की आरपीएम धाडकन पडतो. जो काढल्यावर काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच मेलेला. चालू इंजिनात प्लगची वायर मात्र ओढू नकोस. जबर शॉक बसतो आणि कॉइलही जाते.

सिलिंडर सापडला की प्लग काढून रंग बघ. पांढरा आणि कोरडा असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. काळा आणि ओला असेल तर ठिणगी नाही. तुझ्या इंजिनाला ठिणगीसाठी वीज देणाऱ्या दोनच कॉइल असतील (एक १ आणि ४ ला, दुसरी २ आणि ३ ला), तर कॉइल गेल्यावर जोडीने दोन सिलिंडर मेले असते. म्हणजे कॉइल सुटली, उरली वायर आणि टोपी. मग कॉम्प्रेशन (सिलिंडर किती दाब धरतो ते) घे. ते न घेता इंजेक्टरच्या मागे लागू नकोस, व्हॉल्व्ह जळला असेल तर सगळी मेहनत फुकट. इनटेकच्या गॅस्केटवर साबणाचं पाणी फवारून बघ. आयडल बदललं तर तिथून हवा आत जातेय. कार्ब क्लीनर फवारतात लोक, पण गरम इंजिनावर आणि बंद होडीत ते करू नकोस.

एवढं सगळं ठीक निघालं तर शेवटी इंजेक्टरची अदलाबदल. मेलेल्याचा इंजेक्टर चांगल्या सिलिंडरला लाव. दोष त्याच्यामागून गेला तर चोर सापडला.

थंड असताना बरं चालतं यावरून माझा कल पेट्रोल कमी पडण्याकडे आहे. इंजिन थंड असताना ईसीयू जास्त पेट्रोल सोडतो, त्यामुळे अर्धवट तुंबलेल्या इंजेक्टरचंही भागतं. गरम झाल्यावर माप काटेकोर होतं आणि कमतरता उघडी पडते. आयडलला तर इंजेक्टर क्षणभरच उघडतो, तिथे थोडासा मळसुद्धा पुरतो.

आणि ५,४०० ची गोष्ट कालवांवर सोडू नकोस. एक सिलिंडर पेट्रोलविना तापत असेल तर फुल रेसला पिस्टन भोक पडेपर्यंत जातो. निकाल लागेपर्यंत ३,००० च्या वर नेऊ नकोस.

प्रतिसाद, वेंगुर्ल्याहून

पावसात टाकी अर्दी ठेवललंस काय? तसा असात तर थंयच चूक झाली. फिल्टर बदललो म्हणजे झाला असा नाय. इंजिनाच्या आत एक बारकी टाकी असता, व्हीएसटी म्हणतत तिका, हाय प्रेशर पंप तिच्यातच असता. फिल्टरातसून गेलला पाणी थंय तळाक जावन बसता. तिचो ड्रेन स्क्रू सोडून काचेच्या ग्लासात पेट्रोल काढ आनी वायच थांबून बग. खाली वेगळो थर दिसलो तर समज.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. काका, तुम्ही सांगितलंत तसंच आज भरतीला जेटीवर होडी बांधून केलं.

चारही चालू असताना सरासरी ७२०. एक नंबरचा कनेक्टर काढला तर ५८० वर येऊन बंद पडायला लागलं. दोनचं आणि चारचंही तसंच. तीन नंबरचा काढला तर काटा हललाच नाही. मी कनेक्टर हातात धरून बघत राहिलो, इंजिनाला कळलंच नाही.

तीनचा प्लग खडूसारखा पांढरा आणि कोरडा, बाकी तीन फिकट तपकिरी. कॉइल दोनच आहेत, म्हणजे ती सुटली. वायर-टोपी दोनशी बदलून पाहिली, दोष तीनवरच राहिला. साबणाच्या पाण्याने काही झालं नाही. कॉम्प्रेशन चारही सिलिंडरचं जवळपास सारखं, सर्वात कमी आणि सर्वात जास्त यात ८ पीएसआयचा फरक. हे बघून पहिल्यांदा हायसं वाटलं.

वेंगुर्ल्याच्या दादांनू, टाकी अर्धीच होती. दरवर्षी तशीच ठेवायचो, कधी काही झालं नाही. पण आता पंपावरचं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे आणि माझ्या इंजिनाच्या पुस्तकात १० टक्क्यांपर्यंतच चालेल असं छापलंय. व्हीएसटीतून काढलेलं ग्लासात ठेवलं. पाच मिनिटांत खाली बोटाच्या पेराएवढा धुरकट थर बसला.

उद्या इंजेक्टरची अदलाबदल. रेल (इंजेक्टरांना पेट्रोल पोचवणारी नळी) उघडायच्या आधी दाब सोडणार, बॅटरीची वायर काढणार आणि जवळ कोणाला विडी ओढू देणार नाही.

प्रतिसाद, हर्णैहून

अदलाबदल करताना ओ-रिंग (इंजेक्टरच्या रबरी कड्या) नव्याच टाका आणि बसवताना इंजिन ऑइलचं बोट लावा, कोरड्या बसवल्या तर कापल्या जातात. आमच्या दोन नौकांना यंदा हाच प्रकार झाला. पेट्रोलमधलं इथेनॉल दमट हवेतलं पाणी धरतं. एका मर्यादेपर्यंत ते मिसळून राहतं आणि इंजिन ते जाळूनही टाकतं. मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल मिळून खाली उतरतं. कोकणातल्या पावसात अर्ध्या रिकाम्या टाकीत रोज रात्री आतून दंव धरतं. तो खालचा थर तीन महिने अॅल्युमिनियमला लागून राहिला की पांढरी भुकटी सुटते आणि पंप ती पुढे ढकलतो. इंजेक्टर साफ करून घ्याल, पण व्हीएसटी उघडून पुसली नाहीत तर महिन्याभरात परत तिथेच याल.

धागाकर्ता

सापडलं! तीनचा इंजेक्टर एक नंबरला लावला, एकचा तीनला. दोष उठून एक नंबरला गेला.

चारही इंजेक्टर घेऊन कुडाळला गाड्यांचे इंजेक्टर साफ करणाऱ्याकडे गेलो. त्याच्याकडे काचेच्या नळ्यांचं टेस्टिंग मशीन आहे, चारही एकदम चालवून दाखवले. तीन इंजेक्टरांतून अत्तराच्या फवाऱ्यासारखा बारीक शंकू येत होता. दोषी इंजेक्टरातून एका बाजूला तिरकी धार, गळक्या नळासारखी. तेवढ्याच वेळात बाकीच्यांच्या नळीत ५४-५५ मिली जमलं, याच्या नळीत ३९. अल्ट्रासॉनिकमध्ये दोनदा टाकल्यावर ५३ झालं आणि शंकूही नीट आला. सगळा खर्च नव्या ईसीयूच्या पासंगालाही पुरत नाही.

व्हीएसटी उघडली. तळाला ओल्या चुन्यासारखा पांढरा लगदा होता आणि पंपाच्या जाळीवरही तोच. सगळं साफ केलं, जाळी नवी घातली, ओ-रिंग नव्या.

आता गरम इंजिन ७४० ते ७६० वर उभं आहे आणि पाण्याची बाटली बाकावर जागच्या जागी राहते. गिअर टाकला तर ६५० ला जाऊन सेकंदात परत वर येतं. वीस वेळा टाकून बघितलं, एकदाही बंद पडलं नाही. फुल रेसला ५,६५० गेलं. काल पर्यटक न घेता बाबा आणि मी ओहोटीला संगमावर गेलो. दांड्यासमोर गिअर काढून सात-आठ लाटा जाऊ दिल्या. बाबा नांगराची दोरी हातात धरून बसले होते. इंजिनाचा आवाज ऐकून त्यांनी ती खाली ठेवली.

पुढच्या मेला टाकी आणि व्हीएसटी दोन्ही कोरडी करूनच होडी शाकारणार. एक शंका उरली आहे. व्हीएसटीच्या तळाला आतून टाचणीच्या डोक्याएवढे पाच-सहा खड्डे पडलेत. आरपार नाहीत, गळतही नाही. पण एक खड्डा गॅस्केट बसते त्या कडेला लागून आहे. नवी गॅस्केट घालून हा हंगाम काढता येईल, की बॉडीच बदलावी? पेट्रोलची वाफ कव्हरखाली साठायचा धोका मला घ्यायचा नाही. ज्यांनी हे बघितलंय त्यांनी सांगा. परवापासून बुकिंग आहेत, तोवर खाडीतच फिरवतो.