‘पोर्ट ऑफ कॉल’ नेमके कोणत्या बंदराला म्हणावे?

प्रश्न
मालवाहू जहाजांच्या कागदपत्रांत ‘पोर्ट ऑफ कॉल’ ही संज्ञा वारंवार येते. प्रवासात जहाज जिथे जिथे थांबते, ते प्रत्येक ठिकाण तिच्यात बसते का? माल उतरवला नाही, तरीही बसते का?

पहिले उत्तर
माल उतरवण्याची अट नाही. माल, प्रवासी, इंधन, रसद, दुरुस्ती यांपैकी कोणत्याही कामासाठी प्रवासाच्या ओघात जहाज ज्या बंदराला लागते, ते पोर्ट ऑफ कॉल. जिब्राल्टरला कितीतरी जहाजे केवळ इंधन भरण्यासाठी थांबतात, तोही थांबाच. जहाजाच्या मागच्या बाजूस ज्या बंदराचे नाव रंगवलेले असते, ते मात्र नोंदणीचे बंदर असून जहाज तिथे कधी गेलेलेही नसू शकते.

दुसरे उत्तर
वरील उत्तर योग्य आहे, पण खरा वाद ‘प्रवासाच्या ओघात’ या शब्दांवरून होतो. स्पेनमधील मालागाहून इंग्लंडमधील लिव्हरपूलला निघालेल्या संत्र्यांच्या बिल ऑफ लेडिंगमध्ये (माल जहाजावर घेतल्याची पावती आणि वाहतुकीच्या अटी असलेला कागद) जहाजाला भूमध्य समुद्रातील कोणत्याही बंदरात, कोणत्याही क्रमाने थांबण्याची मुभा होती. तिचा आधार घेऊन जहाज आधी उलट दिशेच्या बुरियानाला गेले आणि त्या विलंबात फळे खराब झाली. ‘ग्लिन विरुद्ध मार्गेटसन’ या खटल्यात तेव्हा सर्वोच्च न्यायालयाचेही काम करणाऱ्या ब्रिटिश हाउस ऑफ लॉर्ड्सने १८९३ मध्ये निर्णय दिला की, कलमातील शब्द कितीही व्यापक असले, तरी ठरलेल्या प्रवासाच्या वाटेवर येणारी बंदरेच त्या मुभेत धरता येतील. मला हा निर्णय अत्यंत वाजवी वाटतो. अन्यथा मालवाहतुकीच्या कराराला अर्थच उरला नसता. संकटात सापडलेले जहाज जिथे आसरा घेते, ते बंदर मात्र निराळे: त्याला ‘पोर्ट ऑफ रेफ्यूज’ म्हणतात आणि तिथल्या खर्चाची वाटणीही वेगळ्या नियमांनी होते.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. मग काही कागदपत्रांत मागील दहा थांब्यांची माहिती का मागितली जाते?

तिसरे उत्तर
ती सुरक्षेसाठी मागितली जाते. १ जुलै २००४ पासून लागू झालेल्या आंतरराष्ट्रीय नियमांनुसार, मागील १० थांब्यांच्या वेळी जहाज कोणत्या सुरक्षा स्तरावर (धोक्यानुसार ठरणाऱ्या दक्षतेच्या पातळीवर) होते, हे बंदरात येण्यापूर्वी विचारता येते. तिथे बंदरांची नावे जशीच्या तशी द्यावीत. ‘फर्स्ट पोर्ट ऑफ कॉल’ असे बोलण्यात आले, तर मात्र बंदराचा संबंधही नसतो. ‘सर्वप्रथम ज्याच्याकडे जावे तो’ एवढाच तिथे अर्थ असतो.