बी विंग ग्रुप: गॉडमदर कोण होऊ शकतं?

बी-२०४: नमस्कार सगळ्यांना. प्रश्न जरा वेगळा आहे. माझ्या मैत्रिणीच्या बाळाचा पुढच्या रविवारी बाप्तिस्मा. ती कॅथलिक, मी हिंदू. तिने गॉडमदर होशील का विचारलं, मी लगेच हो म्हटलं. आता चर्चमधून निरोप आलाय की असं चालणार नाही. खरं सांगायचं तर वाईट वाटलं. ६०३ च्या आंटी, तुम्ही मुलांना कॅटेकिझम, म्हणजे चर्चचं धर्मशिक्षण, शिकवायचात ना? खरंच असा नियम आहे?

बी-५०१: मैत्रीत धर्म आणायची काय गरज होती यांना?

बी-६०३: नियम आहे गं. गॉडमदर कॅथलिक हवी, तिचं कन्फर्मेशन (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा संस्कार) झालेलं हवं, वयाची १६ वर्षं पूर्ण हवीत. बाळाचे आईवडील स्वतः होऊ शकत नाहीत. तू प्रोटेस्टंट असतीस तर कॅथलिक गॉडपेरेंटच्या जोडीला साक्षीदार म्हणून उभी राहिली असतीस. पण तुझा बाप्तिस्माच झालेला नाही, त्यामुळे तेही नाही.

बी-६०३: आणि ५०१, चिडू नका. गॉडमदर म्हणजे जवळच्या माणसाला द्यायचा मान, असं सगळे धरून चालतात आणि तिथेच घोळ होतो. तिचं काम असतं मुलाला चर्चच्या श्रद्धेत वाढवायला आईवडिलांना मदत करायचं. तसं ती सगळ्यांसमोर कबूल करते. जे आपण मानत नाही त्याचं वचन २०४ ने का द्यावं?

बी-२०४: हे पटलं. असं कोणी सांगितलंच नाही.

बी-६०३: आता गंमत ऐक. तू गॉडमदर होऊ शकत नाहीस, पण वेळ आली तर बाप्तिस्मा देऊ शकतेस.

बी-२०४: काय???

बी-६०३: बाळाच्या जिवावर बेतलंय आणि फादर किंवा डीकन (फादरांच्या खालचा दीक्षा घेतलेला सेवक) वेळेत पोचणार नाहीत, अशा वेळी कोणीही देऊ शकतं. नर्स, डॉक्टर, शेजारीण. धर्म कुठलाही असो, स्वतःचा बाप्तिस्मा झालेला नसला तरी. साधं पाणी तीनदा डोक्यावर ओतायचं आणि नाव घेऊन म्हणायचं, 'मी तुला पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने बाप्तिस्मा देते.' चर्च यातून जे करतं तेच मला करायचंय, एवढा हेतू मनात हवा. मूल वाचलं तर बाप्तिस्मा परत होत नाही. राहिलेला भाग तेवढा चर्चमध्ये पुरा करतात: ख्रिज्म म्हणजे अभिषेकाचं तेल, पांढरं वस्त्र, मेणबत्ती. आणि रजिस्टरमध्ये नोंद.

बी-३०२: आंटी, घाईत वाक्य चुकलं तर?

बी-६०३: तर अडचण आहे. २०२० मध्ये व्हॅटिकनने जाहीर केलं की 'आम्ही तुला बाप्तिस्मा देतो' असं म्हटलेलं असेल तर तो बाप्तिस्मा झालाच नाही. ते वाचून अमेरिकेत डेट्रॉइटच्या एका तरुण फादरांनी आपल्या लहानपणचा व्हिडिओ आठवून पाहिला. त्यात नेमकं 'आम्ही'! बाप्तिस्मा नाही म्हणजे त्यावर उभे असलेले पुढचे संस्कारही नाहीत. बिचाऱ्यांना बाप्तिस्म्यापासून सुरुवात करून पुन्हा डीकन आणि पुन्हा फादर व्हावं लागलं.

बी-५०१: एका शब्दासाठी? अति आहे हे.

बी-६०३: मलाही आधी अतिच वाटलं. त्यामागचा विचार असा की बाप्तिस्मा देणारा मुळात ख्रिस्त. समोरचा माणूस त्याच्या वतीने बोलतो. म्हणून 'मी'. जमलेल्या लोकांनी मिळून द्यायची ती गोष्ट नव्हे. पण त्याच फादरांनी तोवर जे बाप्तिस्मे दिले होते ते मात्र वैधच राहिले. का, ते तुम्हीच सांगा.

बी-३०२: कारण तो कोणीही देऊ शकतं!

बी-६०३: शाब्बास. मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) आणि कन्फेशन (फादरांपुढे पापांची कबुली) यांचा मात्र प्रश्न उभा राहिला. तिथे फादर हा फादरच असावा लागतो.

बी-१०३: असे एकूण किती संस्कार?

बी-६०३: सात, काका. बाप्तिस्मा, कन्फर्मेशन, कम्युनियन (मिस्सात ख्रिस्तप्रसाद घेणं), कन्फेशन, आजाऱ्याला तेल लावणं, गुरुदीक्षा (डीकन, फादर होणं), लग्न. १५४७ मध्ये चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने ठरवून टाकलं, सातापेक्षा कमी नाहीत आणि जास्तही नाहीत. पहिली कम्युनियन आज साधारण सातव्या वर्षी होते, ती पोप दहाव्या पायसनी १९१० मध्ये वय खाली आणलं म्हणून. त्याआधी बऱ्याच ठिकाणी मुलांना दहा-बारा वर्षांपर्यंत थांबवायचे.

बी-१०३: आणि तेल लावायला फादर आले की पेशंटचं काही खरं नाही, असंच ना?

बी-६०३: अहो काका! ही भीती अजून गेली नाही. पूर्वी अगदी शेवटच्या घटकेला बोलवायचे, म्हणून तशी समजूत झाली. १९७२ मध्ये पोप सहाव्या पॉलनी तो विधी नव्याने बसवून दिला. गंभीर आजार, मोठं ऑपरेशन, म्हातारपणातला अशक्तपणा, कशालाही घेता येतो. बरं वाटून पुन्हा दुखणं आलं तर पुन्हा घेता येतो. कपाळाला आणि तळहातांना तेल लावतात. लोक शेवटपर्यंत लांबवतात आणि पेशंट बेशुद्ध झाला की फादरांना फोन करतात, याचाच मला राग येतो. मरणाच्या दारातला खरा संस्कार म्हणजे शेवटची कम्युनियन.

बी-१०३: एक फॉरवर्ड आला होता, कॅथलिकांना दहन चालत नाही म्हणून.

बी-६०३: १९६३ पासून चालतं. दफनाला पसंती आहे, पण बंदी नाही. अस्थी उधळायच्या नाहीत आणि घरात ठेवून द्यायच्या नाहीत, हे २०१६ मध्ये पुन्हा स्पष्ट केलंय. आणि अंत्यविधी त्या सातांत येत नाही.

बी-७०२: आंटी, विषय निघालाच आहे तर विचारते. आमच्या मुलाचं लग्न कॅथलिक मुलीशी ठरतंय. त्याला बाप्तिस्मा घ्यावा लागेल का?

बी-६०३: अभिनंदन! नाही घ्यावा लागणार. बिशपांची परवानगी काढावी लागते, मुलीच्या चर्चचे फादर ती मागवतात. मुलं कॅथलिक म्हणून वाढवायला आपल्याकडून होईल ते करीन, असं वचन ती देते. मुलाने कुठलंही वचन द्यायचं नसतं, त्याला याची कल्पना दिलेली असली की झालं. लग्न वैध धरतात, पण एकाचा बाप्तिस्मा नसल्याने ते सातांतला संस्कार ठरत नाही. दोघं कॅथलिक असतील, तर लॅटिन, म्हणजे पाश्चात्य कॅथलिक पद्धतीत तो संस्कार नवरा-नवरी एकमेकांना देतात; फादर चर्चतर्फे हजर असतात आणि दोन साक्षीदार लागतात. २०४, साक्षीदाराला धर्माची अट नाही बरं का.

बी-२०४: मैत्रिणीचं लग्न कधीच होऊन गेलं हो!

बी-७०२: मुलीकडे तिचा बाप्तिस्म्याचा लहानपणचा दाखला आहे. तो चालेल ना?

बी-६०३: नाही. नवा काढायला सांगा, सहसा सहा महिन्यांच्या आतला मागतात. जिथे बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या रजिस्टरमध्ये तिच्या नावापुढे कन्फर्मेशनची, लग्नाची नोंद करत जातात, पुढे ती जगात कुठेही राहिली तरी. नव्या दाखल्यावर लग्नाची नोंद नसली म्हणजे चर्चच्या हिशेबी ती अविवाहित.

बी-७०२: म्हणजे आधी त्या चर्चला फोन.

बी-६०३: हो. चर्चचं नाव जुन्या दाखल्यावर असेलच.