पावसाळ्याआधी टायर आणि चाकं बदलली तर विम्याचं काय?

प्रश्न: गाडीला मूळचे १८५/६५ आर१५ टायर (रुंदी १८५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ६५ टक्के, चाक १५ इंची) आणि स्टीलची चाकं आहेत. पावसात आंबा घाटातून येणं-जाणं असतं. १६ इंची अलॉय (मिश्रधातूची चाकं) आणि १९५/५५ टायर घातले तर क्लेम अडेल का?

प्रतिसाद १: त्याच मापाचे नवे टायर घेतले तर विम्यात काही बदलत नाही. बाहेरून बसवलेली अलॉय मात्र बिलासकट कळवा, किंमत आयडीव्हीत (विम्यात धरलेली गाडीची किंमत) धरून घ्या आणि एंडोर्समेंट (पॉलिसीतल्या बदलाची लेखी नोंद) हातात येईपर्यंत पाठपुरावा करा. नाहीतर सर्व्हेअर (नुकसान तपासणारा) स्टीलच्या चाकाचीच किंमत धरू शकतो. तुमच्या मापाचा व्यास सुमारे ६२१ मिमी, म्हणजे मूळ टायरएवढाच, त्यामुळे स्पीडोमीटर चुकत नाही. २०५/६५ आर१५ नको. तो २६ मिमी मोठा, वळणावर लायनरला (चाकावरचं आतलं प्लास्टिक आवरण) घासू शकतो. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो तो आकडा) मूळपेक्षा कमी नसावा.

प्रतिसाद २: नुसता टायर फुटला तर साध्या पॉलिसीत काही मिळत नाही. सोबत गाडीचंही नुकसान झालं तरच, तेही टायरच्या किमतीच्या ५० टक्के. घाटासाठी अलॉयपेक्षा टायरच्या खाचांवर खर्च करा! खाचेच्या खोलीची कायद्याची किमान मर्यादा १.६ मिमी असली तरी ३ मिमीखालचा टायर पाणी नीट फेकत नाही.

प्रतिसाद ३: घाट उतरून कोकणात आलात की तिथल्या खाऱ्या हवेत अलॉयचा रंग सुटतो, कडेला गंज धरतो आणि तिथून हवा झिरपते. हे विम्यात येत नाही. नट अलॉय चाकांसाठीचेच वापरा, १०० किमीनंतर टॉर्क रेंचने (ठरावीक जोराने आवळणारा पाना) पुन्हा तपासा.