मदत हवी आहे: आठव्या महिन्यात बीपी वाढलंय, माहेरी जावं का?

सिडकोची सून:
नमस्कार मंडळी. पहिलीच खेप, एकतिसावा आठवडा चालू आहे. आधी कधी बीपी नव्हतं. मागच्या तपासणीला १४८/९४ आलं, डॉक्टरांनी बराच वेळ बसवून संध्याकाळी पुन्हा घेतलं तरी १४४/९२. लघवीत प्रोटीन नाही, रक्ताचे रिपोर्ट ठीक, सोनोग्राफीत बाळाची वाढ चांगली. लॅबेटॅलॉल सुरू केलंय आणि घरी रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलंय.

माहेर कळवणच्या पुढे. नाशिकला यायचं म्हणजे दिंडोरी-वणीमार्गे दोन तास सहज जातात. पहिलं बाळंतपण माहेरीच, असा आईचा हट्ट आहे. डोहाळजेवण झालं की न्यायचं कधीच ठरलंय. इकडे सासूबाईंनी माझ्यासाठी वरणसुद्धा अळणी करायला घेतलंय, घास गिळत नाही. आणि मशीनचं काही कळत नाही. सकाळी १२८/८२, दुपारी भांडी आवरून घेतलं तर १४६/९०. सासरे म्हणतात, तुझ्या गोळ्या संपल्या तर माझी टेल्मिसार्टन घे, बीपीचीच आहे. काय करू?

गोदाकाठ:
अगं, आधी शेवटचं. ती टेल्मिसार्टन अजिबात घ्यायची नाही, एकही नाही. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रामिप्रिल, एनालाप्रिल या गोळ्या गरोदरपणात बाळाच्या किडनीला घातक ठरतात, गर्भजल कमी होतं. गरोदर बाईला लॅबेटॅलॉल, निफेडिपिन किंवा मिथाइलडोपा देतात, तेही तिच्या डॉक्टरांच्या मापाने. सासऱ्यांचं पाकीट वेगळ्या कपाटात ठेव, तुझं वेगळं. आकडे चांगले आले म्हणून तुझी गोळी मनानं बंद करू नकोस.

मी लेबर रूमला सिस्टर होते, म्हणून मोजायचं सांगते. भांडी घासून लगेच घेतलेलं बीपी धरायचं नाही. चहा पिऊन अर्धा तास जाऊ दे, लघवीला जाऊन ये, खुर्चीला पाठ टेकून पाच मिनिटं गप्प बस. पाय जमिनीवर, हात टेबलावर, पट्टा छातीच्या उंचीला आणि उघड्या दंडावर. मिनिटभराने दुसऱ्यांदा घे, दोन्ही आकडे लिही. एकदा तुझं मशीन दवाखान्यात नेऊन त्यांच्या मशीनशी ताडून बघ. दंड जाड असेल तर लहान पट्टा बीपी उगाच जास्त दाखवतो.

१४०/९० च्या वर पुन्हा पुन्हा यायला लागलं तर त्याच दिवशी फोन. १६०/११० ला टेकलं तर फोनची वाट न बघता दवाखाना, मग रात्रीचे दोन का वाजलेले असेनात.

सातपूर_आई:
मिठाचं मी भोगलंय. डॉक्टरांनी सांगितलं नसेल तर अळणी खायची गरज नाही. नेहमीच्या जेवणातलं मीठ चालतं. पापड, लोणचं, फरसाण, शेवेची तर्री आवरती घ्यायची एवढंच. सैंधव घातलं म्हणून सोडियम कमी होत नाही. कॅल्शियमची गोळी देतात ती चुकवू नकोस, फक्त लोहाच्या गोळीबरोबर घेऊ नकोस. भूक मारून वजन कमी करायची ही वेळ नव्हे.

गोदाकाठ:
आता माहेरचं. तुझं आज नुसतं बीपी आहे, पण यातच पुढे प्रीएक्लॅम्पसिया होऊ शकतो. म्हणजे लघवीतून प्रोटीन जातं, लिव्हर-किडनीवर ताण येतो, प्लेटलेट्स उतरतात, कधी झटके येतात. हे काही तासांतही बिघडू शकतं. मग बाळ लवकर काढावं लागतं, आईला झटके रोखायला मॅग्नेशियम सल्फेट लागतं, रक्त लागतं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवावं लागतं. हे सगळं जिथे हाताशी आहे तिथेच राहायचं. डॉक्टरांना विचारच, पण माझं मत विचारशील तर आईला इकडे बोलाव. डोहाळजेवण सिडकोतही होतं की!

ओझरकर:
आमच्या वहिनीच्या वेळचा अनुभव: फाइल, गोळ्यांची यादी, रक्तगटाचा कागद दारामागच्या पिशवीत ठेवा. १०८ घरातल्या सगळ्यांना पाठ असू द्या. खासगीत खर्च झेपत नसेल तर दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर महिलांची मोफत तपासणी असते.

सिडकोची सून:
ताई, खूप आभार. गोळ्यांचं पाकीट आत्ताच वेगळं केलं. काल डोकं खूप दुखत होतं, झोपल्यावर थांबलं. ते सांगायला हवं का?

गोदाकाठ:
हो, आजच. आत्ता बीपी मोज आणि दोन्ही गोष्टी डॉक्टरांना सांग. न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी किंवा काजवे, उजव्या बरगडीखाली दुखणं, चेहऱ्या-हातांवर एकदम सूज, धाप लागणं, लघवी कमी होणं, बाळाची हालचाल मंदावणं, यातलं एकही दिसलं तर बीपी किती आहे ते न बघता जायचं. कॉम्बिफ्लॅमसारखी गोळी घेऊ नकोस.

सातपूर_आई:
आणि बाळंतपण झालं म्हणजे सुटलीस असं धरू नकोस. माझं बीपी घरी आल्यावर चढलं होतं. पहिल्या आठवड्यात पुन्हा वाढू शकतं, म्हणून घरी मोजणं चालू ठेव. बाळाला घेऊन कळवणला जायचं तेही डॉक्टरांना विचारूनच.

सिडकोची सून:
फोन केला. बीपी १५०/९६ आहे, लगेच बोलावलंय. हे गाडी काढतायत. आईला सांगितलं, ती उद्या पहाटेच्या एसटीने इकडे येते म्हणाली.