गोल्फच्या ड्रायव्हरचा (लांब फटक्याच्या काठीचा) शाफ्ट म्हणजे दांडा: रेग्युलर की स्टिफ (जास्त कडक)?

सातारकर: महाबळेश्वरला ड्रायव्हरचा कॅरी, म्हणजे चेंडू हवेतून जातो ते अंतर, साधारण 215 यार्ड भरतो. शाफ्ट स्टिफ, 65 ग्रॅम. मी उजव्या हाताने खेळतो, चेंडू खालून निघून उजवीकडे पळतो. रेग्युलर घेऊ का?

कृष्णाकाठ: आधी त्या 215 मधून 5 टक्के वजा करा. तिथे उंची 1,350 मीटरच्या आसपास, हवा विरळ, चेंडू लांब जाणारच. खाली सांगलीत हेच 205 भरतील, म्हणजे काठी फिरवण्याचा स्पीड ताशी 90 मैलांच्या आसपास. ढोबळमानाने 75 ते 85 सीनियर (रेग्युलरहून मऊ), 85 ते 95 रेग्युलर, 95 ते 105 स्टिफ. तुम्ही रेग्युलरवालेच. शाफ्ट फार कडक असला की फेस (काठीची चेंडूला लागणारी बाजू) उघडा, म्हणजे उजवीकडे तोंड करून राहायचा कल असतो.

बंकरबाबा: नुसत्या आर (रेग्युलर), एस (स्टिफ) अक्षरांवर जाऊ नका राव, सगळ्या कंपन्यांचं माप एक नसतं. एकाचा एस दुसऱ्याच्या आर इतका मऊ निघतो. आणि खर्चाआधी फेसवर टाल्कम पावडर लावून दहा चेंडू मारा. ठसे हीलकडे (फेसच्या दांड्याजवळच्या टोकाकडे) उमटले तर चेंडू त्यामुळेच उजवीकडे वळतोय, शाफ्ट बदलून काय होणार? ठसे मधोमध असतील तर 55 ग्रॅमचा रेग्युलर मागून घेऊन मारून बघा. काठी वरून झटक्यात खाली आणत असाल तर मात्र स्टिफच बरा.

सातारकर: आहे तोच कापून मऊ होईल?

कृष्णाकाठ: उलट होईल. कापला की कडक होतो, टोकाकडून कापला तर जास्तच.