जुन्या हिशेबाच्या पानांवर चित्र काढताना शाई आणि कागद कसे सांभाळावेत?

प्रश्न

मी जलरंग आणि गॉश (अपारदर्शक जलरंग) या माध्यमांत काम करतो. हिशेबाच्या जुन्या वहीची काही सुटी पाने मला मिळाली आहेत; त्यांवर 1870 नंतरच्या तारखा असून मजकूर टाकाने, आता तपकिरी पडलेल्या शाईत लिहिलेला आहे. या पानांवर पक्ष्यांची चित्रमालिका करावी आणि खालचे आकडे चित्रातून दिसत राहावेत, असा माझा विचार आहे. एका पानावर नेहमीप्रमाणे पातळ रंगाचा हात दिला, तेव्हा कागदाने तो टीपकागदासारखा शोषून घेतला आणि अक्षरांभोवती फिकट तपकिरी कडा उमटली. कागदाला आधी एखादा लेप द्यावा का? आणि मुळात जुना दस्तऐवज असा वापरणे कितपत योग्य आहे?

प्रतिसाद १

ती कडा पाहून पुढचे पान ओले केले नसेल, तर बरेच केले. आपली शाई बहुधा मायफळ आणि हिराकस यांपासून केलेली आहे. अशा शाईत न मुरलेले लोह शिल्लक असते. पाणी लागले की ते विरघळून आजूबाजूच्या कोऱ्या कागदात पसरते आणि तेथे कागदाचे तंतू झिजवण्याचे तेच काम नव्याने सुरू करते, जे आजवर फक्त अक्षरांच्या रेघांखाली चालले होते. म्हणून आज फिकट दिसणारी कडा काही वर्षांनी गडद होऊ शकते.

दुसरा मुद्दा कागदाचा. वय पाहून त्याची प्रत ठरवू नका. चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला आणि जिलेटिनची खळ (शाई शोषली जाऊ नये म्हणून कागदाला दिलेला लेप) दिलेला सोळाव्या शतकातला कागद आजही लवचीक असतो, तर लाकडाच्या लगद्याचा शंभर वर्षांपूर्वीचा कागद घडीवर तुटतो. राळ आणि तुरटीची खळ मोरित्स इलिग यांनी 1807 मध्ये प्रसिद्ध केली, लाकूड दळून लगदा करण्याची रीत 1840 च्या दशकात आली, आणि या दोहोंच्या संगमातून पुढे जो कागद निघाला तो स्वतःच्याच आम्लाने पोखरला जातो. आपली पाने नेमकी याच संक्रमणकाळातली असल्याने ती चिंध्यांच्या किंवा लाकडाच्या, कोणत्याही कागदाची असू शकतात. एका कोपऱ्याचा अगदी छोटा भाग हलकेच वाकवून पाहा. तो तुटला, तर त्या पानावर चित्र काढण्याचा विचार सोडून द्या.

लेपाबद्दल सांगायचे, तर आपल्या कागदाची खळ उतरली आहे, हे शोषणावरून उघड आहे. मिथाइल सेल्युलोज (पाण्यात विरघळणारा डिंकासारखा पदार्थ) किंवा जिलेटिन यांचा पातळ हात देऊन ती भरून काढता येते. पण तो हातही पाण्याचाच असतो, त्यामुळे लिहिलेल्या भागावर तो देऊ नये. तैलरंग थेट लावण्याचा मोह मात्र पूर्णपणे टाळावा, कारण जवसाचे तेल कागदाला आधी पारदर्शक, मग तपकिरी आणि शेवटी ठिसूळ करते.

प्रतिसाद २

वरील प्रतिसादाशी मी सहमत आहे. फक्त माध्यमाबद्दल थोडी भर घालतो. उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासी चित्रकारांनी बायसनची (तिथल्या रानगव्यासारख्या प्राण्याची) कातडी मिळेनाशी झाल्यावर हिशेबाच्या वह्यांची पाने वापरली, आणि 1875 ते 1878 या काळात फ्लोरिडातील फोर्ट मॅरियन येथे कैदेत असलेल्या शायेन, कायोवा आदी जमातींच्या लोकांनी अशा पानांवर आपले जीवन रेखाटले. त्यांची साधने पाहा: शिसपेन, रंगीत पेन्सिल, मेणखडू आणि शाई. पाण्याचा वापर बेताचाच. ब्लॅकफीट जमातीचे चित्रकार टेरन्स गार्डिपी आणि इतर काही जण आजही जुने नकाशे व दस्तऐवज घेऊन ही परंपरा चालवतात, आणि तिथे खालचा छापील वा हस्तलिखित मजकूर ही केवळ शोभेची पार्श्वभूमी नसते. ज्या व्यवस्थेने जमिनी मोजल्या आणि हिशेब मांडले, तिच्याच कागदावर या जमातींचा घोडेस्वार उभा राहतो.

माझे मत थोडे कडक आहे: खालचा मजकूर वाचून त्याला उत्तर देणारे चित्र सुचत नसेल, तर नवा चांगला कागद वापरावा. जुनेपणाचा रंग चहाच्या पाण्यानेही येतो.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. कोपरा वाकवून पाहिला. कागद तुटला नाही. आता रंगीत पेन्सिल आणि अगदी कोरड्या कुंचल्याने दिलेला गॉश, तोही ओळींमधल्या कोऱ्या जागेत, असे करून पाहीन. चित्रे पुढे विकली गेली, तर काही काळजी घ्यावी लागेल का?

प्रतिसाद ३

होय. प्रत्येक पानाच्या मागे शिसपेनने आपले नाव आणि चित्राचे वर्ष लिहावे. कागद खरा जुना असला की पाहणाऱ्याला चित्रही जुने वाटू लागते. कोलंबसाच्या आधीच अमेरिका दाखवणारा म्हणून गाजलेल्या, येल विद्यापीठाकडील व्हिनलँड नकाशाचे चर्मपत्र खरोखरच पंधराव्या शतकातले आहे, पण त्याच्या शाईत टायटॅनियमची आधुनिक संयुगे सापडली आणि 2021 मध्ये विद्यापीठाने तो बनावट असल्याचे जाहीर केले. आपला हेतू स्वच्छ असला, तरी तिसऱ्या हाती गेलेल्या पानाचा हेतू आपल्या हाती राहत नाही.

वापरण्यापूर्वी प्रत्येक पान दोन्ही बाजूंनी स्कॅन करून ठेवावे, आणि मजकुरात जमिनीचे व्यवहार, जन्ममृत्यूच्या नोंदी किंवा एखाद्या कुटुंबाची वंशावळ दिसली, तर ते पान अभिलेखागाराला दाखवल्याशिवाय त्याला हात लावू नये. एकाच वहीतील क्रमाने लागणारी पाने असतील, तर ती वेगवेगळ्या चित्रांत विखुरण्यापूर्वीही विचार करावा. चौकटीत बसवताना पान संपूर्ण चिकटवू नये. वरच्या काठाला जपानी कागदाच्या दोन पट्ट्या गव्हाच्या स्टार्चच्या खळीने लावून ते लटकते ठेवावे, आणि भिंतीवर उजेड 50 लक्सच्या आसपास असू द्यावा. आणि ती तपकिरी कडा उमटलेले पान फेकू नका. वर्षभराने तिचा रंग पुन्हा पाहिलात, तर बाकीच्या पानांवर किती ओलावा चालेल, याचा थोडा अंदाज त्यावरून येईल.